थर्ड डाउनची हाक

मी मेलबर्नमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. पश्चिमेकडच्या एका उपनगरात आमचं छोटं क्लिनिक आहे आणि हिवाळा लागला की माझ्या टेबलावर येणारे निम्म्याहून जास्त लोक फुटी खेळणारे असतात. फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स. लंबगोल मैदान, एका बाजूला अठरा खेळाडू, शेरिन कंपनीचा लांबट चेंडू, आणि मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात बारा-तेरा किलोमीटर धावलेला असतो. यांचे घोटे, गुडघे, जांघा मला तोंडपाठ झाल्या आहेत. अमेरिकन फुटबॉलशी मात्र माझा संबंध आला तो याच मुलांमुळे. क्लबाने करार वाढवला नाही, वय सव्वीस-सत्तावीस झालं, पण पायातली किक शाबूत आहे, अशी काही मुलं पंटर व्हायच्या मागे लागतात.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. संधीला डाउन म्हणतात. तीन डाउनमध्ये जमलं नाही तर चौथा बहुधा वाया घालवत नाहीत. पंटरला बोलावतात आणि तो लाथेने चेंडू शक्य तेवढा लांब, समोरच्यांच्या हद्दीत धाडतो. सामन्यात अशी वेळ चार-पाचदा येते. उरलेला वेळ तो बाकाजवळ असतो.

फुटीवाल्यांसाठी हे आयतं काम वाटतं, आणि काहींनी ते करूनही दाखवलं आहे. वेस्ट कोस्ट आणि मेलबर्न या फुटी क्लबांकडून खेळलेला डॅरेन बेनेट 1995 मध्ये सॅन डिएगो चार्जर्सचा पंटर झाला आणि पहिल्याच हंगामात प्रो बोलला, म्हणजे निवडक उत्तम खेळाडूंच्या सामन्याला, निवडला गेला. आपली ड्रॉप पंट, म्हणजे हवेत उलट्या कोलांट्या घेत जाणारी किक, अमेरिकेत रुजवली ती त्याने. जिलाँग क्लबाचा माजी कर्णधार बेन ग्रॅहम 2005 मध्ये न्यूयॉर्क जेट्सकडे गेला आणि 2009 मध्ये ॲरिझोनाकडून सुपर बोल, म्हणजे तिथला अंतिम सामना, खेळला. सॅव्ह रोक्काने इथे सातशेच्या वर गोल केले आणि 2007 मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, फिलाडेल्फियात नवशिका म्हणून उभा राहिला. हे तिघे थेट व्यावसायिक संघांत गेले. आताचा रस्ता बहुतेक वेळा विद्यापीठातून जातो. मायकल डिकसन टेक्सास विद्यापीठातून 2018 मध्ये सिॲटलला गेला, टोरी टेलर आयोवातून 2024 मध्ये शिकागो बेअर्सकडे. मिच विश्नॉव्स्की तर पंटर होण्याआधी काचा बसवायचं काम करायचा.

ही नावं माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला पाठ असतात. पण त्या पायांना काय सोसावं लागलं, हे विचारायला कोणी जात नाही.

मी ज्याच्याबद्दल लिहिते आहे तो मुलगा एका मोठ्या क्लबात काही हंगाम होता, मग सुटला. अंगाने उंच, डावखुऱ्या पायाचा, मनाने सरळ. एका किकिंग प्रशिक्षकाकडे वर्षभर शिकत होता आणि डाव्या मांडीच्या तक्रारीसाठी माझ्याकडे येत होता. मांडीच्या पुढच्या बाजूला रेक्टस फीमोरिस नावाचा स्नायू असतो. तो खुब्यावरूनही जातो आणि गुडघ्यावरूनही. किक मारताना पाय मागे जातो तेव्हा खुबा उघडतो, गुडघा दुमडतो, आणि हा स्नायू दोन्ही टोकांनी एकदम ताणला जातो. त्याच क्षणी त्याला पूर्ण जोर लावून पुढे यायचं असतं. फुटीत या स्नायूची दुखापत जास्त करून किक मारणाऱ्या पायालाच होते, ती यामुळे.

जुलैतला शनिवार होता. उपनगरातल्या एका क्लबाच्या मैदानावर सकाळी नऊला अमेरिकेतल्या मध्य-पश्चिमेच्या एका विद्यापीठाचे प्रशिक्षक व्हिडिओ कॉलवर येणार होते. त्यांच्याकडे शुक्रवारची संध्याकाळ. मुलाने मला मुद्दाम बोलावलं होतं, कारण गुरुवारपासून मांडी कुरकुरत होती. चेंजिंग रूममधल्या लाकडी बाकावर त्याला पालथं झोपवलं आणि डावी टाच पार्श्वभागाकडे नेली. उजवी टाच टेकत होती, डावी चार बोटं अलीकडेच अडली. मग उताणं करून जांघेखाली अंगठा दाबला तर पाय आपोआप हलला.

"दुखतं?"

"दुखत नाही. जाणवतं."

फुटीवाल्यांचं हे ठरलेलं उत्तर आहे. मी ताकद तपासली. जोर लावताना दुखत नव्हतं, दोन्ही पाय सारखे होते. फाटलेला स्नायू असा वागत नाही, दमलेला वागतो. मी त्याला सांगितलं, आज मारशील, पण मी थांब म्हटलं की थांबायचं. तो हो म्हणाला.

अंग गरम झाल्यावरच्या पहिल्या किका मी विसरणार नाही. बाहेर बोचरा वारा होता, आकाश शिशाच्या रंगाचं. स्नॅप टाकायला क्लबातलाच एक पोरगा होता, पंधरा यार्डांवरून पायांमधून चेंडू मागे फेकणारा. चेंडू हातात आला, बोटांनी फिरवून शिवण वर आणली, दोन पावलं, हात खाली, आणि पाय. स्नॅपपासून किकपर्यंत सगळं दोन सेकंदांच्या आत-बाहेर व्हावं लागतं, नाहीतर समोरचे धिप्पाड गडी अंगावर आलेच. चेंडू पन्नास यार्डांच्या आसपास जात होता आणि साडेचार सेकंदांच्या वर हवेत राहत होता. नुसतं लांब मारून भागत नाही. चेंडू हवेत लटकत राहिला तरच आपली माणसं खाली धावत पोचतात, आणि झेलणाऱ्याला पळायला जागा उरत नाही.

फोन तिपाईवर होता. प्रशिक्षक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "छान. आता त्याला बसवा. वीस मिनिटं. मग एकच किक बघू."

माझ्या पोटात गोळा आला. दमलेला, आखडलेला स्नायू, आठ-नऊ अंशांची थंडी, वीस मिनिटं बसणं आणि मग एकदम पूर्ण जोराची लाथ. रेक्टस फाडायची कृती कोणी लिहायला घेतली तर अशीच लिहील. मी फोनसमोर जाऊन माझी ओळख सांगितली आणि विचारलं, "सर, तुमचा पंटर सामन्यात वीस मिनिटं नुसता बसून असतो आणि थेट मैदानात जातो का?"

"नाही मॅडम. सेकंड डाउन फसलं की तो उठतो. बाजूला जाळी असते, तिच्यात दोन-तीन मारतो."

"मग यालाही तेवढं मिळू दे."

त्यांनी क्षणभर विचार केला. "ठीक आहे. सेकंड डाउन, थर्ड डाउन मी पुकारीन. मध्ये खऱ्या सामन्याइतकाच वेळ. जाळी आहे का तुमच्याकडे?"

होती. इथल्या बहुतेक मैदानांच्या कडेला क्रिकेटच्या सरावाची जाळी असते. हिवाळ्यात तिच्याकडे कोणी फिरकत नाही.

पुढचा तास-दीड तास मी त्याच्या शेजारी बाकावर बसून काढला. मांडीवर जाड पांघरूण, खाली गरम पाण्याची पिशवी. दर काही मिनिटांनी मी त्याला गुडघा सरळ करून मांडी घट्ट आवळायला लावत होते, दहा-पंधरा सेकंद धरायची आणि सोडायची. पाय हलत नाही, पण स्नायूला जाग राहते. पूर्वी सांगलीत मी कबड्डीच्या मुलांबरोबर काम केलं आहे. तिथेही चढाई तीस सेकंदांची, पण तिथला गडी रेषेवर वाकून तयार असतो, श्वास चढलेलाच असतो. इथे शरीर सामन्यातून पुरतं बाहेर काढायचं आणि हाक आली की आत आणायचं. फुटी खेळलेल्या शरीराला हे कधी शिकवलेलंच नसतं. किक लांब जात नाही म्हणून परतलेली मुलं मी फार पाहिली नाहीत. या बसण्यानेच खचलेली पाहिली आहेत.

पहिली हाक आली. तो उठला, जाळीत मारल्या, मैदानात गेला. स्नॅप खाली आला, घोट्याजवळ. त्याने उचलला, पण घाई झाली, चेंडू हातातून तिरका पडला आणि पायाच्या बाहेरच्या कडेला लागून तीसेक यार्डांवर रेषेबाहेर गेला. फोनमधून काहीच आवाज नाही. तो परत येऊन बसला.

"फुटीत घाण किक गेली तर दहा सेकंदांत दुसरा चेंडू मिळतो," तो म्हणाला. "इथे ती वीस मिनिटं शेजारी बसून राहते."

मग त्याने ॲरिन सिपॉसचा विषय काढला. सेंट किल्डा या फुटी क्लबाचा खेळाडू, ऑबर्न विद्यापीठातून फिलाडेल्फियात गेलेला. डिसेंबर 2022 मध्ये त्याचा घोटा दुखावला, पुढचे आठवडे दुसऱ्याने पंट केलं, आणि तो परतला तो थेट फेब्रुवारी 2023 च्या सुपर बोलमध्ये. चौथ्या क्वार्टरमधली त्याची एक किक बुटकी गेली. कॅन्सस सिटीच्या कडेरियस टोनीने ती घेऊन 65 यार्ड मागे आणली. सुपर बोलच्या इतिहासात पंट परत आणण्याची ती सर्वांत लांब धाव. सामना 38-35 ने गेला. आमच्या मुलाने तो तुकडा किती वेळा पाहिला असेल देव जाणे. मला त्यात दिसतो तो घोटा, आणि दोन महिने सामन्याबाहेर राहून त्या रात्री तिथे उभा केलेला माणूस. त्या एका किकेवर त्याची मापं काढणाऱ्यांचा मला आजही राग येतो.

दुसऱ्यांदा "सेकंड डाउन" आलं. तो उठला, पांघरूण फेकलं, जाळीत मारू लागला. "थर्ड डाउन." तो हेल्मेटशिवायच हेल्मेट चढवल्यासारखा ताठ झाला. आणि फोनमधून आवाज आला, "फर्स्ट डाउन! जमलं आपल्याला. बस खाली."

मला त्या माणसाबद्दल आदर वाटला तो इथे. प्रत्यक्षात हेच होतं. थर्ड डाउनला संघ पुढे सरकतो, पंटर गरम होऊन पुन्हा थंड व्हायला बसतो, आणि कधी कधी लागोपाठ दोन-तीनदा. मुलगा बसला. मी पांघरूण टाकून मांडी चाचपली, आखडलेपण तेवढंच होतं, वाढलं नव्हतं.

पुढच्या खेपेला किक लागली, स्वच्छ, उंच, आवाजावरूनच कळली. त्यानंतर प्रशिक्षकांनी छोटी मागितली. चेंडू गोलरेषेपलीकडे लोळत गेला तर समोरच्यांना तो 20 यार्डांच्या रेषेवर फुकटात मिळतो, म्हणून रेषेच्या अलीकडे मारायचा आणि तिथेच राहायला हवा. इथे फुटीवाला घरच्या अंगणात येतो. त्याने ड्रॉप पंट काढली. चेंडू उलटा फिरत वर गेला, गोलरेषेच्या सात-आठ यार्ड अलीकडे टेकला आणि पुढे न जाता मागे उडाला. फोनमधून पहिल्यांदाच हसू ऐकू आलं.

"अजून एक लांब."

मी त्याला तिथेच गवतावर पालथं केलं. सकाळी चार बोटं असलेलं अंतर आता सहा झालं होतं. "नाही," मी म्हटलं. मुलगा उठून बसला, डोळ्यांत पाणी. "एकच गं. एकच." मी मान हलवली आणि फोनवर कारण सांगितलं, अंतर सांगितलं, धोका सांगितला. वाद होईल असं वाटलं होतं. प्रशिक्षकांनी वेगळाच प्रश्न विचारला, "आठवड्याला किती किका मारतोस?"

"दोनशेच्या आसपास."

"जाळीतल्या धरून?"

तो गप्प. जाळीतल्या तो कधी मोजतच नव्हता. घरामागे त्याने एक जाळी लावली होती आणि कामावरून आला की अंधार पडेपर्यंत तिच्यात मारायचा. इतके दिवस मला तो जे आकडे देत होता ते फक्त मैदानावरचे होते. स्नायूला जाळी आणि मैदान वेगळं कळत नाही. प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे हंगामात पंटरची प्रत्येक किक मोजतात. पाय राखलास तर बोलू."

सोमवारी एमआरआय काढला. स्नायूत सूज होती, मधला कंडरा शाबूत होता. तो गेला असता तर महिने गेले असते. आम्ही किका बंद केल्या, मग मोजून चालू केल्या, आधी अर्ध्या जोराच्या. ऑक्टोबरमध्ये विद्यापीठाचं उत्तर आलं. जागा आहे, पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती नाही. घरच्यांशी बोलून, साठवलेले पैसे घालून, तो जानेवारीत गेला. तिथल्या ट्रेनरसाठी मी त्या डाव्या पायाबद्दल दोन पानं लिहून दिली.

पहिल्या संघात तो अजून नाही. त्याच्या पुढे एक आहे, तोही आमच्या व्हिक्टोरिया राज्याचाच. पण दर सोमवारी मला त्याचा मेसेज येतो, आठवड्याच्या किकांचा आकडा, जाळीतल्या धरून.