दार कधी उघडायचे?

बुधवार, रात्र

आज निजण्यापूर्वी लेकीने विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, आणि तिला झोप लागून दोन तास उलटले तरी मी अजून त्या प्रश्नापाशीच बसलो आहे.

गोष्ट चिऊकाऊची होती. पावसात कावळ्याचे शेणाचे घर वाहून गेले, चिमणीचे मेणाचे घर तेवढे राहिले, आणि कावळा निथळत तिच्या दाराशी येऊन म्हणाला, “चिऊताई, चिऊताई, दार उघड.” आतून उत्तर आले, “थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे.” मग बाळाचे अंग पुसायचे, मग काजळ, मग तीट, मग थोपटून निजवायचे. हा भाग मी दर वेळी लांबवतो, कारण तो मला आईच्या आवाजात ऐकू येत असतो. पण ते आज राहू दे. लेक एरवी प्रत्येक “थांब”ला खुदकन हसते. आज ती हसली नाही. पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेत तिने विचारले, “बाबा, करडांनी दार उघडलं ते चुकलं ना? मग चिऊ उघडत नाही, तेपण चुकलं का? दार कधी उघडायचं?”

“उद्या सांगतो,” असे मी म्हणालो. तिने लगेच “बरं” म्हटले आणि कूस बदलली. तिने हट्ट केला असता तर मला इतके लागले नसते.

करडांची गोष्ट मीच रविवारी सांगितली होती. शेळी बाहेर गेल्यावर लांडगा येतो, खडू खाऊन आवाज मऊ करतो, काळ्या पंजाला पीठ फासून तो गोरा करून दाखवतो, करडे फसतात आणि सातांपैकी एकटे धाकटे घड्याळाच्या पेटीत लपून वाचते. ती गोष्ट संपल्यावर मी बोट उगारून बजावलेही होते की, आपण कोणालाही दार उघडायचे नाही. म्हणजे चार दिवसांत मी तिच्या हाती दोन बंद दारे दिली. एका दाराआड जीव वाचतो आणि दुसऱ्या दाराबाहेर कोणीतरी कुडकुडत उभे राहते. दोन्ही गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आलो, तरी त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात असे माझ्या मनात कधी आले नाही. बाहेरच्या कावळ्याचा तर मी विचारच केलेला नाही. मी कायम घरात, चिमणीच्या बाळाजवळ, ऊबेत बसून ती गोष्ट ऐकली.

आधी मला माझीच कीव आली. दिवसभराचा शीण डोळ्यांवर असतानाही मी गोष्ट चुकवत नाही, आवाज बदलून सांगतो, आणि तरीही ऐन वेळी पोरीच्या उपयोगी पडेल असे माझ्याजवळ काहीच निघू नये, याचे फार वाईट वाटले. आईला असे कोणी विचारले असते तर ती काय म्हणाली असती, हेही मनात येऊन गेले.

मग उठून ग्रिम बंधूंच्या गोष्टी काढल्या, निदान तिथे तरी उत्तर सापडेल म्हणून. १८१२ साली निघालेल्या त्यांच्या पहिल्या खंडात करडांची ही गोष्ट पाचवी आहे. आणि पहिलीच गोष्ट आहे बेडकाची! तोही दाराशी येतो. संगमरवरी पायऱ्यांवरून पचपच करीत चढतो आणि राजकन्येला दार उघडायला सांगतो. ती घाबरून दार लावून घेते, पण राजा तिला सांगतो की वचन दिले आहेस ना, मग जा आणि त्याला आत घे. म्हणजे एकाच पुस्तकात पहिल्या गोष्टीतले दार उघडायलाच हवे आणि पाचव्या गोष्टीतले उघडले तर घात. पुढे हिमगौरी आहेच. कोणालाही आत घेऊ नकोस असे बुटके तिला बजावून जातात, तरी ती दोनदा दार उघडते. तिसऱ्यांदा मात्र ती शहाणी होते, दार उघडत नाही, आणि खिडकीतूनच विषारी सफरचंद घेते. हे वाचून मी पुस्तक मांडीवर उपडे ठेवले. दार बंद ठेवूनही तिचे रक्षण झाले नाही, आणि मी रविवारी बोट उगारून किती खात्रीने बोललो होतो.

या गोष्टी सांगणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या बायाबापड्यांनी ही दारे एकमेकींशी जुळवून घेतली नाहीत, याचा आता मला राग येत नाही. त्यांनी दर वेळी बाहेर कोण उभे आहे तेवढे सांगितले आणि बाकीचे ऐकणाऱ्यावर सोडले. नियम मी जोडला. तो मी का जोडला, हे मला ठाऊक आहे. ती दिवसेंदिवस मोठी होते आहे, आणि मी प्रत्येक वेळी दाराशी असणार नाही. जाऊ दे. उद्या तिला काय सांगायचे, ते अजूनही सुचलेले नाही, आणि नाही सुचले तर तसेच सांगावे, इथवर मन आले आहे.

गुरुवार

मला काही सांगावेच लागले नाही. तिने मला खोलीबाहेर काढले, दार लोटून घेतले आणि मी कावळा व्हायचे असे फर्मावले. मी “चिऊताई, चिऊताई, दार उघड” म्हणालो. बाळाची अंघोळ झाली, काजळ झाले, तीट झाली. तिसऱ्या हाकेनंतर आत थोडा वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, “आधी पाय दाखव.”

मी दाराच्या फटीतून हात आत घातला. तिने माझे बोट धरले, आपल्या फ्रॉकला खसाखसा घासले, पीठ निघते का ते पाहिले, मग दुसरे बोट, मग तिसरे, अशी पाचही बोटे घासून झाल्यावर म्हणाली, “ओला आहेस. ये.”