पुढचं वाक्य आलंच नाही

"प्रभू, भाऊजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडू दे. डॉक्टरांच्या हाताला यश दे. आमेन."

आज संध्याकाळच्या घरगुती प्रार्थनेत मावशी एवढंच बोलल्या. खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं, याच दिरांशी त्यांचा जमिनीच्या वाटणीवरून दावा चालू आहे. आता 'त्यांना सुबुद्धी दे', 'त्यांचे डोळे उघड' असं काहीतरी येणार, असं वाटत होतं. आलंच नाही.

चहाच्या वेळी न राहवून विचारलं, "आणि केसचं?"

बशीत चहा ओतत म्हणाल्या, "ती कोर्टात आहे ना. तिथे वकील आहे माझा. देवाला कशाला वकील करू?"

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये. दावा सोडावा असं मी मुळीच म्हणत नाही, हक्काचं ते मिळायलाच हवं. पण 'त्याला सुबुद्धी दे' ही प्रार्थना आपण किती सहज करतो! शब्द आशीर्वादाचे, आत मात्र तक्रार. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात 4:3 मध्ये स्पष्टच म्हटलंय, मागूनही मिळत नाही, कारण मागण्यामागचा हेतूच वाईट असतो.

आणि बायबलमधलाच ईयोब! सगळं गमावून राखेत बसलेल्या त्या माणसाला मित्रांनी 'तुझंच पाप' म्हणून टोचून टोचून हैराण केलं. त्याच मित्रांसाठी त्याने प्रार्थना केली, तेव्हा देवाने त्याचे दिवस पालटले.

ज्याच्याशी बोलणं बंद आहे, अशा कुणाचं नाव तुमच्या प्रार्थनेत येतं का? आणि नाव घेतल्यावर पुढे काय मागता?