चालू आहे का बंद?

लातूरच्या घरी आज छोटा कॉम्प्युटर जोडून झाला. सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड छोट्या मिनी-आयटीएक्स आकाराचा, 17 बाय 17 सेंटिमीटर. हा आकार व्हीआयए कंपनीने 2001 मध्ये आणला. इंटेलचा एन100 प्रोसेसर बोर्डावर बसवूनच येतो आणि तो आहे 6 वॅटचा. म्हणजे तापतो कमी, त्यामुळे पंखाच नाही, वर नुसता उष्णता हवेत सोडणारा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक. रॅम खोचली, फाइली साठवायला एसएसडी लावली, लॅपटॉपसारखा 19 व्होल्टचा अडॅप्टर जोडला. झालं.

आबा कान लावून बघत होते. "आवाजच येईना की रं! चालू हाय का बंद?"

खरं सांगायचं तर मला शांततेपेक्षा धुळीची चिंता जास्त होती. तुरीच्या राशी सुरू झाल्या की घरभर भुसकट. जुन्या टॉवर कॉम्प्युटरचा पंखा ते सगळं आत ओढायचा, मग दर काही महिन्यांनी ब्लोअर मारत बसा. इथं ओढायला काही नाहीच. लाईट गेली तरी एवढासा लोड इन्व्हर्टर आरामात ओढतो.

मे महिन्याचं मात्र बघावं लागेल. खोलीच 40 अंशावर गेली तर हीटसिंकनं थंड व्हायचं कशानं? म्हणून कपाटात कोंबला नाही, टेबलावर मोकळा ठेवलाय. आणि मोठे गेम, व्हिडिओ एडिटिंग याच्यावर करायचं असेल तर नादी लागू नका.

आबांना पहिल्यांदा सातबारा उघडून दाखवला. लगेच ताईचा फोन, "मला पण एक बनवून दे." मॉनिटर धरून किती लागतील, उद्या हिशेब करतो.