एकच मॉडेल एम, पण आवाज वेगळे

आयबीएमचा जुना मॉडेल एम कीबोर्ड घेताना बहुतेक जण पाठीमागच्या लेबलवरची तारीख बघतात. ती बघाच, पण आधी कीबोर्ड उचलून कानाशी हलवा. आत खुळखुळलं तर ते बहुधा रिव्हेटच्या, म्हणजे आतली प्लेट धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या खिळ्यांच्या, तुटलेल्या टोप्यांचे काळे कण असतात. दोन मॉडेल एम वेगळे का वाजतात, याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

या कीबोर्डात प्रत्येक कळीखाली उभी स्प्रिंग असते. कळ दाबत गेलं की ती एका क्षणी बाजूला वाकते आणि तळाचा प्लास्टिकचा छोटा हातोडा खालच्या मेम्ब्रेनवर, म्हणजे सर्किट छापलेल्या पातळ प्लास्टिकच्या थरावर, आपटतो. आवाज, बोटाला जाणवणारा झटका आणि स्क्रीनवरचं अक्षर, तिन्ही जवळजवळ एकाच क्षणी! हातोड्याचा घाव खणखणीत बसायला मेम्ब्रेनखालची पोलादी प्लेट मात्र घट्ट हवी. ती प्लास्टिकच्या रिव्हेटांनी वितळवून बसवलेली असते. वर्षांनुवर्षांनी टोप्या उडतात, प्लेट सैलावते आणि ‘टक्’चं ‘भद्द’ होतं. पुढे काही कळी जोरात दाबल्याशिवाय उमटतच नाहीत.

१९८१च्या आयबीएम पीसीबरोबर आलेल्या मॉडेल एफमध्ये मेम्ब्रेनच नाही. तिथे कपॅसिटिव्ह, म्हणजे विद्युतभारातल्या बदलावरून कळ ओळखणारा, सर्किट बोर्ड आहे आणि दोन धातूच्या प्लेटा एकमेकींत अडकवलेल्या आहेत. म्हणून त्याचा आवाज जास्त टोकदार, घुमणारा. माझ्या मते टायपिंगला तोच सरस. फक्त त्यातला फोम कुजून भुगा होतो, तो बदलावा लागतो.

मॉडेल एम दुरुस्त होतो. केसचे चार स्क्रू खोल असतात, त्यांना ५.५ मिमीचा पातळ भिंतीचा नट ड्रायव्हर लागतो. कळी काढा आणि फ्रेम उलटी ठेवूनच प्लेट सोडवा, नाहीतर हातोडे सांडतात. रिव्हेटच्या उरलेल्या टोप्या छाटून त्यांच्या जागी १.६ मिमीच्या ड्रिल बिटने सरळ भोकं पाडा आणि २ मिमी जाडीचे, ८ मिमी लांबीचे बोल्ट नटांसह लावा. मधून कडेकडे, थोडे थोडे आवळत जा. एकदम पिळलं तर प्लास्टिक तडकतं.

कळी परत बसवताना कीबोर्ड उभा धरा, म्हणजे स्प्रिंग कळीखालच्या नळीच्या मध्याशी राहते. प्रत्येक कळ लगेच दाबून ऐका. ‘टक्’ झालं नाही तर स्प्रिंग कळीच्या आत नीट बसलेली नाही. तेवढी एक कळ काढून पुन्हा लावा.