एकाच हॉस्पिटलमध्ये राहून बारा वर्षांत काय काय केलं

दरवर्षी उत्तरायण जवळ आलं की मी स्प्लिंटच्या, म्हणजे हात एका स्थितीत धरून ठेवणाऱ्या साच्याच्या, प्लास्टिक शीट मोजून ठेवते. बडोदेकरांना कारण सांगायला नको, १४ जानेवारीला पतंगाच्या मांज्याने बोटं कापतात आणि कधीकधी नुसतं कातडं नाही, आतले बोट वाकवणारे टेंडनही, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्याही, तुटतात. सर्जन ते शिवतात आणि मग तो हात येतो आमच्याकडे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीत. शीट साधारण ६५-७० डिग्रीच्या गरम पाण्यात मऊ करायची, हाताच्या मागच्या बाजूने बसवायची, आणि रोज अगदी मोजून हालचाल करायची, कारण जोर लावला तर टाका तुटतो आणि अजिबात हलवलं नाही तर टेंडन आतल्या आत चिकटून बसतो. पोरं दहाव्या दिवशीच स्कूटर चालवायची का विचारतात, त्यांना थांबवणं हे अर्धं काम.

मी मुंबईला बीओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची पदवी, केली, साडेचार वर्षं. कमलाबाई निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. हॉस्पिटलात हा कोर्स सुरू केला तरी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी अजून पाहुणे विचारतात, म्हणजे फिजिओच ना? मी सांगते, हात उचलता येणं आणि त्या हाताने स्वतःची वेणी घालता येणं, या दोन्हीच्या मधलं सगळं माझं काम.

सुरुवात स्ट्रोकच्या, म्हणजे लकव्याच्या, पेशंटपासून झाली. एक काकू होत्या, उजवा हात कमजोर, मी त्यांना खुंट्यांचा बोर्ड दिला, फाईलमध्ये पकड सुधारणे असं लिहिलं, त्या बिचाऱ्या तीन दिवस मुकाट खुंट्या लावत बसल्या. चौथ्या दिवशी मी विचारलं, काकू घरी सकाळी उठून काय करता हो? म्हणाल्या वाती वळते. वॉर्डातला कापूस आणला, दोघी बसलो. चिमटीत कापूस धरायचा, ओढायचा, तळहातावर वळायचा, मला जे जे हवं होतं ते सगळं त्यात होतं आणि काकू पाऊण तास उठेनात. त्या दिवसापासून कुठल्याही वॉर्डात पहिला प्रश्न तोच, घरी काय करता.

मग एक सहकारी सुट्टीवर गेली म्हणून मला बर्न्समध्ये, म्हणजे भाजलेल्यांच्या वॉर्डात, पाठवलं आणि मी तिथे दोन वर्षं राहिले, स्वतः मागून. मान भाजली असेल तर उशी द्यायची नाही, कारण हनुवटी खाली येते आणि कातडी तशीच आखडत जाते. पण आईचं मन, रात्री हळूच उशी सरकवतेच, आणि सकाळी तिला न रागावता परत समजवायचं. हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. तिथून आयसीयू, तिथे भ्रम झालेल्या आजोबांना आधी चष्मा आणि कानाचं मशीन परत द्यायचं, समोर घड्याळ लावायचं. आता लहान मुलांचा विभाग.

एका सीनियरने तेव्हा सांगितलेलं, एक लाइन पकड नाहीतर कुठलीच धड येणार नाही. मला ते आजही पटत नाही. बर्न्समधे व्रण कसा आखडतो ते बघितलं म्हणून मांज्याच्या हातावरचा व्रण मला लवकर कळतो, आणि दुखऱ्या हातात बाही आधी, काढताना शेवटी, हे स्ट्रोकचं साधं सूत्र मी परवाच एका सहा वर्षांच्या मुलाला शिकवलं, त्याचाही एकच हात नीट चालतो. शर्ट घालून झाल्यावर तो आईला म्हणाला, तू बाहेर जा, मी परत करतो.

नवीन मुलींना म्हणून सांगते, पहिली पाच वर्षं रोटेशन मागून घ्या, लाजू नका. मी मार्चपासून मानसोपचार विभाग मागितलाय, तिथे अजून कामच केलं नाहीये. साहेब हो म्हणालेत, फक्त उत्तरायणानंतरचे आठवडे मला हँड ओपीडीतच ठेवा असं मी आधीच सांगून ठेवलंय.