आत्या अबोल नव्हती

परवा एका भाषांतरात दोन पानांच्या अंतराने दोन इंग्रजी शब्द आले, 'टॅसिटर्न' आणि 'रेटिसंट'. दोन्हीकडे 'अबोल' लिहून मी पुढे गेले. संध्याकाळी वाचताना दुसरा 'अबोल' खटकला. ज्या बाईबद्दल तो होता, ती त्याआधी पानभर बोलतच होती!

दोन्ही शब्दांचं मूळ एकच, गप्प राहणं या अर्थाचं लॅटिन क्रियापद 'टाकेरे'. पण टॅसिटर्न माणसाचा पिंडच कमी बोलण्याचा. आमचे अण्णा तसे. सकाळच्या चहाला 'साखर' एवढा एकच शब्द. कमी झाली की जास्त, ते आईने चेहऱ्यावरून ओळखायचं. थेट विचारलं तर मात्र काहीही लपवायचे नाहीत.

रेटिसंट म्हणजे आमची आत्या. पापड लाटता लाटता अख्ख्या वाड्याच्या गोष्टी सांगायची. ती माहेरी कायमची का परत आली, हे मात्र चाळीस वर्षांत कुणाला कळलं नाही. विषय तिकडे वळला की म्हणायची, "अगं, लाट्या वाळतायत." ताकास तूर लागू द्यायची नाही.

ही गल्लत जुनी आहे. डच स्वातंत्र्यलढ्याचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याला इतिहासात 'मूक विल्यम' म्हणतात. फ्रेंचमध्ये तर थेट 'ल तासितुर्न'. प्रत्यक्षात तो माणसांत रमणारा, गप्पिष्ट. नावामागची गोष्ट अशी सांगतात, की १५५९ मध्ये शिकारीच्या वेळी फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री, विल्यमला सगळं ठाऊकच असेल असं समजून, प्रोटेस्टंटांना चिरडण्याचा बेत त्याच्यापाशी बोलून गेला. विल्यमने चेहऱ्यावर काही उमटू दिलं नाही. म्हणजे तो रेटिसंट. चिकटला मात्र दुसराच शब्द.

मग त्या बाईसाठी शब्द शोधत बसले. 'हातचं राखून बोलणारी' लिहून पाहिलं, तर त्यात हिशेबीपणा आला. 'आतल्या गाठीची' त्याहून वाईट, त्यात कपट आहे. 'भिडस्त', 'संकोची' हेही नाही. आत्याला संकोच माहीतच नव्हता. ती गोष्ट तिची होती, म्हणून तिने ती ठेवली.

शेवटी दुसऱ्या जागचं विशेषणच काढलं आणि लिहिलं, 'स्वतःबद्दल मात्र ती बोलत नसे.' पहिला 'अबोल' तसाच ठेवला. तो अण्णांचा आहे.