चार राज्यं, एक टाकी: लॉस एंजेलिस ते ग्रँड कॅन्यन आणि परत

गेल्या ऑक्टोबरात (२०२५) आई-बाबांना घेऊन आम्ही लॉस एंजेलिसजवळच्या घरून निघालो आणि सहा दिवसांत लास वेगास, झायन, पेज, ग्रँड कॅन्यन, किंगमन असा फेरा करून परतलो. पावणेबाराशे मैल आणि चार राज्यं. कोल्हापूर-पुण्याहून आई-बाबा आले की हा फेरा बहुतेक घरांतून होतोच, त्यामुळे कुठे काय बघायचं हे लिहीत नाही. मी लिहितेय गॅसबद्दल, म्हणजे इथल्या भाषेत पेट्रोलबद्दल. एकाच गाडीत, एकाच आठवड्यात आम्ही गॅलनमागे सव्वातीन डॉलरपासून जवळपास सहा डॉलरपर्यंतच्या पाट्या वाचल्या, आणि त्यामागची कारणं कळल्यावर कुठे किती भरायचं हे आपोआप ठरत गेलं.

बाबांनी पंचवीस वर्षं मालट्रक चालवले. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी हा त्यांचा रोजचा रस्ता. निपाणीच्या अलीकडे टाकी भरायची की पलीकडे, हा हिशोब त्यांच्या अंगात भिनलेला. निघायच्या आदल्या संध्याकाळी घराजवळच्या पंपावर गेलो, तर खिशातली छोटी वही काढून ते पाटीसमोर उभे राहिले. पाटीवर ४.६९ आणि शेवटी बारीक अक्षरांत ९/१०.

"हे नऊ कशाचं?"

"सेंटचे नऊ दशांश. म्हणजे चार डॉलर सत्तर सेंटच धरायचे, बाबा."

"आणि गॅलन म्हणजे लिटर किती?"

३.७८५ सांगितलं. डॉलर अठ्ठ्याऐंशी रुपयांच्या आसपास होता. पेनाने दोन ओळी लिहून ते म्हणाले, "एकशेनऊ रुपये लिटर पडतंय की गं! मी एकशेचारला भरून आलोय." अमेरिकेत पेट्रोल स्वस्त असतं हे त्यांनी आयुष्यभर ऐकलेलं, आणि इथे पहिल्याच पाटीवर ते कोल्हापूरपेक्षा महाग निघालं.

मग नेहमीचा प्रश्न आला: यात सरकारचं किती? केंद्राचा कर गॅलनमागे १८.४ सेंट, देशभर सारखा, आणि १९९३ पासून तोच. त्यावर प्रत्येक राज्याचा आपला. ही राज्यांची पद्धत केंद्राहूनही जुनी आहे. ओरेगनने १९१९ साली गॅलनमागे एक सेंट लावून सुरुवात केली, केंद्र १९३२ मध्ये आलं. कॅलिफोर्नियाचा उत्पादन कर १ जुलै २०२५ पासून ६१.२ सेंट होता. २०१७ च्या कायद्यामुळे तो दरवर्षी जुलैत महागाईप्रमाणे वाढतो. ॲरिझोनाचा कर १८ सेंट, आणि तो १९९१ पासून हललेलाच नाही.

बाबांनी लगेच विचारलं, "टक्क्यात नाही? सेंटात?" हा प्रश्न ट्रकवाल्यालाच सुचावा असा होता. आपल्याकडे केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे ठरावीक रुपयांत असतं, पण राज्याचा व्हॅट मुख्यतः टक्केवारीत, म्हणून मूळ भाव चढला की करही चढतो. इथे मोठा भाग गॅलनमागे ठरावीक सेंटांत असतो. कच्चं तेल कितीही वरखाली झालं तरी तेवढेच सेंट.

आता वजाबाकी करून बघा. कॅलिफोर्निया आणि ॲरिझोना यांच्या मुख्य करात फरक ४३ सेंटचा. आम्हाला दोन्हीकडच्या पाट्यांत मात्र सव्वा डॉलरहून जास्त फरक दिसला. राहिलेले पैसे कुठे जातात? थोडा विक्रीकर, थोडा हवामानविषयक नियमांचा खर्च, जो तेल कंपन्या भावात धरतात. आणि उरलेला बराचसा भाग कॅलिफोर्निया इंधनाच्या बाबतीत बेटासारखं असल्यामुळे. धुरक्यावर उपाय म्हणून या राज्यात १९९६ पासून वेगळ्या मिश्रणाचं पेट्रोल लागतं, ते बाहेरच्या फार थोड्या रिफायनऱ्या बनवतात, आणि शेजारच्या राज्यांतून इकडे पेट्रोल आणणारी पाइपलाइन नाही. एखादी रिफायनरी बंद पडली की माल जहाजानेच यायचा, तोवर भाव चढतो. इथे राहणारी म्हणून माझं मत सांगते: रस्त्यासाठीचे ६१ सेंट मला खुपत नाहीत, मी त्याच रस्त्यांवर रोज असते. स्वच्छ हवेसाठीचं वेगळं पेट्रोलही मला हवंच आहे. खुपतो तो पर्याय नसलेला बाजार.

पहिला टप्पा: घर ते लास वेगास, २७० मैल. आमची टाकी चौदा गॅलनची, आणि हायवेवर गाडी गॅलनला बत्तीस मैल देते. म्हणून घरून फक्त पाऊण टाकीवर निघालो. वेगासला पोचेपर्यंत दोन गॅलन शिल्लक, म्हणजे साठेक मैलांची सोय हाताशी. याहून कमी ठेवू नका. बार्स्टोनंतर मोहावी वाळवंट आहे, चढ आहेत, एसी चालू असतो. मधल्या बेकर गावात आणि नेवाडाची हद्द लागताच येणाऱ्या प्रिममध्ये दर चढे असतात, कारण अडलेला माणूस तिथेच भरतो. नेवाडा लागलं म्हणून घाईने प्रिमला थांबू नका, वेगास शहरात शिरा.

वेगासला ३.९५ ची पाटी होती. राज्याचा कर कॅलिफोर्नियाच्या निम्म्याहून कमी, तरी भाव तेवढा उतरत नाही. एक कारण काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी). वेगास ज्या क्लार्क काउंटीत येतं तिने रस्त्यांसाठी आपला वेगळा कर लावलाय आणि २०१४ पासून तोही महागाईशी जोडलाय. दुसरं कारण आम्ही ज्या रस्त्याने आलो त्याच वाटेने जमिनीखालून येतं. कोल्टनहून बार्स्टोमार्गे वेगासला पाइपलाइन आहे, आणि शहराचं बरंचसं पेट्रोल कॅलिफोर्नियातून तीतूनच येतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये लॉस एंजेलिसकडच्या पंपिंग स्टेशनात गळती झाली, तर नेवाडाच्या गव्हर्नरांना क्लार्क काउंटीत आणीबाणी जाहीर करावी लागली होती. हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे हद्द बदलली तरी विहीर तीच."

म्हणून वेगासला फक्त चार गॅलन भरले. पुढे सव्वाशे मैलांच्या आत युटा होतं.

सेंट जॉर्ज, युटा. इथे जरा सावकाश सांगते, कारण माझ्या ओळखीतले अर्धे लोक इथे चुकलेत. हायवेवरून उतरताच ३.३० च्या पाट्या दिसल्या आणि गाडीत सगळे खूश झाले. पंपाशी गेले, तर तीन बटणं: ८५, ८८, ९१. पाटीवरचा दर ८५ चा. हे ऑक्टेनचे, म्हणजे पेट्रोलच्या प्रतवारीचे आकडे. कॅलिफोर्नियात सगळ्यात साधं पेट्रोल ८७ ऑक्टेनचं असतं आणि आपला हात सवयीने पहिल्या बटणाकडे जातो. माझाही गेला होता. बाबांनी मनगट धरलं. "थांब. झाकणावर काय लिहिलंय ते बघ."

टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, धुळीखाली, स्पष्ट लिहिलं होतं: किमान ८७. बाबांनी अंगठ्याने धूळ पुसून पुन्हा वाचलं. ८५ ची पद्धत डोंगराळ राज्यांत जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाड्यांपासून आलेली आहे. उंचावर हवा विरळ, तेव्हा त्या इंजिनांना ते चालून जायचं. आजच्या गाड्यांच्या पुस्तिकेत बहुधा ८७ च मागितलेलं असतं. आम्ही ८८ भरलं, ३.५५ ने. म्हणजे आमच्या गाडीसाठी युटाचा खरा दर ३.५५. तरीही घरापेक्षा एक डॉलर पंधरा सेंटनी स्वस्त. गाडी भाड्याची असेल तर झाकण उघडून हे आधी वाचाच.

युटाचा राज्यकर तेव्हा काही कमी नव्हता, पस्तीस ते चाळीस सेंटच्या दरम्यान, म्हणजे ॲरिझोनाच्या दुप्पट. पण सॉल्ट लेक सिटीच्या परिसरात पाच रिफायनऱ्या आहेत आणि कॅलिफोर्नियासारखं वेगळं मिश्रण इथे लागत नाही. कर जास्त तिथे पेट्रोल महाग, हा नियम इथेच मोडतो. टाकी इथे काठोकाठ भरा. झायन नॅशनल पार्कच्या आत पंप नाही, आणि दाराशी असलेलं स्प्रिंगडेल पर्यटकांचं गाव आहे.

पेज ते ग्रँड कॅन्यन. पेजला चार गॅलन टाकले, साडेतीनच्या आसपास दर होता. पुढचा रस्ता नवाहो नेशनमधून जातो. त्यांचा स्वतःचा इंधनकर आहे, आणि घड्याळही वेगळं: ॲरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही, नवाहो नेशन पाळतं. पेजजवळची गाइडेड टूर घेतली असेल तर बुकिंगवर कुठली वेळ धरलीय ते विचारून घ्या, आमची जवळजवळ चुकली होती. साउथ रिमच्या मुख्य वस्तीत, म्हणजे ग्रँड कॅन्यन व्हिलेजमध्ये, पंप नाही. बाहेर पडताच टुसायन लागतं, तिथे मिळतं पण महाग. पेजला भरून घेतलं असेल तर टुसायनला थांबायचं कारण उरत नाही.

किंगमन: सगळ्यात महत्त्वाचा थांबा. ॲरिझोनात एकही रिफायनरी नाही. फीनिक्सला माल पाइपलाइनने येतो, एक कॅलिफोर्नियाकडून आणि दुसरी टेक्सासच्या एल पासोकडून. फीनिक्स परिसरात स्वच्छ मिश्रणाची सक्ती आहे, उत्तर ॲरिझोनात नाही. किंगमनला ३.४० ची पाटी मिळाली. इथून घर ३२० मैल, भरलेल्या टाकीत आरामात बसणारं अंतर. रोख आणि कार्डाचा दर वेगळा असू शकतो, पाटी नीट वाचा. एका पंपावर मोठ्या अक्षरांतला दर बघून मी कार्ड घातलं आणि पावतीवर गॅलनमागे दहा सेंट जास्त निघाले. रोखीचा दर मोठा आणि कार्डाचा दर कोपऱ्यात बारीक लिहिणं मला अजिबात पटलं नाही, आणि आत जाऊन ते सांगितलंसुद्धा.

साठ मैलांवर, कोलोरॅडो नदी ओलांडताच कॅलिफोर्नियातलं नीडल्स. पाटी सहाच्या किंचित खाली! नदीपलीकडे एवढी स्वस्ताई असताना गावातले लोक भरायला पलीकडेच जातात. इथे थांबतो तो बहुतेक वाटसरू, आणि पुढे बार्स्टोपर्यंत १४५ मैलांत पंप अगदी मोजके. बाबा खिडकीतून पाटी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. "निपाणीला एवढा फरक असता," ते म्हणाले, "तर अलीकडचे पंप ओसच पडले असते."

हद्दीवर शेतमालाची तपासणी चौकी आहे. संत्री, लिंबं, कढीपत्ता जवळ असेल तर खरं सांगा. आईने वेगासच्या भारतीय दुकानातून घेतलेला कढीपत्ता तिथे काढून घेतला. कढीपत्त्यावर येणारी एक कीड लिंबूवर्गीय बागांना रोग लावते, म्हणून नियम कडक आहे.

जाणाऱ्यांसाठी आणखी थोडं. भारतातलं कार्ड पंपावर वापरलं तर झिप कोड मागतात आणि व्यवहार अडतो. आत काउंटरवर जाऊन पंपाचा नंबर सांगा आणि आगाऊ पैसे द्या, उरलेले परत मिळतात. डेबिट कार्ड पंपाला लावू नका, शंभर-दीडशे डॉलर काही काळ अडकून राहू शकतात. गॅसबडीसारखं पंपांचे दर दाखवणारं ॲप घ्या, पण वीस सेंटसाठी दहा मैल वाकडं जाऊ नका. बारा गॅलनवर दोन डॉलर चाळीस सेंट वाचतात, त्यातले निम्म्याच्या आसपास पैसे त्या दहा मैलांच्या गॅसमध्येच जातात. कॉस्टको या सदस्यांसाठीच्या दुकानाचं (त्यांचे पंपही असतात) सदस्यत्व असेल तर सेंट जॉर्जचं कॉस्टको वाटेवरच आहे. भाड्याच्या गाडीत "टाकीचे पैसे आधीच भरा" हा पर्याय घेऊ नका. रिकामी टाकी परत केली तरच तो परवडतो, आणि वाळवंटातून येताना टाकी रिकामी करत आणणं धोक्याचं.

रात्री नऊला घरी पोचलो तेव्हा काटा पाव टाकीच्या थोडा वर होता. बाबांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडली. वेगास चार, सेंट जॉर्ज साडेअकरा, पेज चार, किंगमन साडेदहा. प्रत्येकापुढे घरच्या पंपाशी असलेला फरक मांडला आणि खाली बेरीज केली: पस्तीस डॉलर. मग त्याच पानावर, निपाणीसाठी ओढायचे तशी एक आडवी रेघ ओढून त्यांनी तिच्याखाली लिहिलं, "किंगमनला फुल्ल."